नायट्याला जात नसते, ओलीला असते

आमच्या अंगावर नायटा उठला की गावातला शहाणा म्हणतो, 'आंघोळ करत जा की रं.' दवाखान्यातला शहाणाही तेच म्हणतो, फक्त शुद्ध भाषेत: 'स्वच्छता पाळा.' निदान झालं! कातडी बघायच्या आधीच झालं.

आता थोडं शास्त्र आमच्या तोंडून ऐका. नायटा, गजकर्ण, पायाच्या बेचक्यातल्या चिखल्या, ही बुरशीची कामं. कातडी, केस, नख यांतल्या केराटिनवर ती जगते. तिला ऊब पाहिजे आणि ओल पाहिजे. जातीचा दाखला ती मागत नाही. पाटलाच्या जांघेतही सुखानं नांदते.

मग आमच्याकडंच तिचा कायमचा मुक्काम का? कारण ओल आमच्या वाट्याला घातली आहे. मलकापुरात या. आंबा घाटाच्या अलीकडचं हे गाव, आषाढात ऊन दिसत न्हाई. दुसऱ्याच्या भाताच्या चिखलात दिवसभर कोण उभं असतं? गटार कोण उपसतं? दुसऱ्याची खरकटी घासून नखुरडं कुणाच्या बोटाला होतं? घरी एकच जोड, तोही चुलीवर वाळत घातलेला. सकाळी ओलाच अंगावर. आणि वर म्हणे, अंग कोरडं ठेवा!

इंग्रजानं तर जांघेतल्या नायट्याचं नावच ठेवलं 'धोबी इच'. घाम सोजिराचा, जांघ सोजिराची, नाव मात्र कपडे धुणाऱ्याचं. ते नाव डॉक्टरी पुस्तकांतून अजून गेलं नाही.

दवाखान्यात हे ऐकून घेण्यापेक्षा माणूस दुकानातून ट्यूब आणतो. बऱ्याच ट्यूबांत बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोलसारखं जहाल स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते. माणूस खूष. पण आत बुरशी पसरत राहते, कातडी पातळ होते, भेगाळते. २०१८ साली सरकारनं असली स्टिरॉइडची मलमं परिशिष्ट 'एच'मध्ये घातली. चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर! आता टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशीही आली आहे. २०२० साली तिचं नाव ठेवलं ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. इंडियाचा नायटा! आता देशाचं नाव चिकटलं. बोला, सगळा देश घाणेरडा का?

१९१९ साली शाहू महाराजांनी याच कोल्हापुरात हुकूम काढला होता की सरकारी दवाखान्यात अस्पृश्यांना समतेनं वागवा. शंभर वर्षं उलटली. तरी आमचा नायटा टेबलापलीकडून बघितला जातो. चिमूटभर खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरायला किती वेळ लागतो? हात लावायला किती वेळ लागतो?

आम्हाला साबणाचं प्रवचन नको. चिखलात आणि गटारात राबणाऱ्याला गमबूट द्या, हातमोजे द्या. घरात ज्याला ज्याला नायटा आहे त्या सगळ्यांना एकदम, पुरे आठवडे पुरेल एवढं औषध फुकट द्या. आणि निदान करायच्या आधी हात लावून कातडी तपासा.

घाण आमच्या अंगात न्हाई. तुम्ही आम्हाला जिथं उभं केलंय, तिथं हाय.