उद्यमबागेतली अक्कलमोजणी

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मोल्डरच्या जागेसाठी मुलाखतीला गेला आणि तासाभरात घरी परत आला. आयटीआयचा फौंड्रीमनचा कोर्स चांगल्या गुणांनी पास झालेला, वर दीड वर्ष एका लहान फौंड्रीत वाळू तुडवलेला हा पोरगा. मी विचारले, ‘‘काय रे, साचा भरायला लावला की नाही?’’ तो म्हणाला, ‘‘नाही ओ काका. वाळूचं एकबी विचारलं नाहीत. पेपर दिले. पन्नास प्रश्न, सगळे इंग्लिशमधले. मला येत होतं, खरं वाचूस्तर टाइम संपला की ओ.’’

पुढचे त्याने सांगितले नाही, त्याच्या आईने सांगितले. तिथल्या साहेबांनी कागद बघून म्हटले होते, ‘‘हात बरा असेल, पण डोके कमी आहे.’’ हे वाक्य त्या घरात आता कायमचे राहायला आले आहे. धाकट्या भावाने गणित चुकवले की तेच वाक्य त्याच्याही अंगावर पडते.

वाचकहो, मी विद्वान माणूस नाही. तीस वर्षांहून अधिक काळ मी फौंड्रीत काढली, शेवटची काही वर्षे फोरमन म्हणून. या काळात किती मोल्डर हाताखालून गेले याचा हिशेब ठेवला नाही. पण त्यातला एकही मी कागदावर पारखला नाही. वाळूची मूठ आवळायची, मूठ उघडून बोटांचे ठसे बघायचे, लांब मोडून कड कशी तुटते ते बघायचे. यावरून पाणी जास्त की बेंटोनाइट कमी हे जो सांगतो तो मोल्डर. रस ओतण्याआधी पाचरीसारखा नमुना ओतून, थंड करून मोडायचा आणि टोकाशी पांढरा भाग किती खोल गेला ते बघून भट्टीवाल्याला हाक मारायची. हे ज्याला जमते त्याचे डोके कमी आहे असे म्हणणाऱ्याने एकदा लेडलशेजारी उभे राहून दाखवावे.

हे पन्नास प्रश्नांचे प्रकरण आले कुठून याचा मी थोडा शोध घेतला. आमच्या इथल्या पेपरचा नेमका वंशवेल मला ठाऊक नाही. पण या जातीच्या पेपरांचा मूळपुरुष अमेरिकेत आहे. एल्डन वंडरलिक नावाच्या गृहस्थाने १९३६ साली बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची एक चाचणी काढली. मालिकेतला पुढचा आकडा, शब्दाचा विरुद्धार्थ, मजुरांचे आणि दिवसांचे त्रैराशिक, असा मामला. कारकून, यंत्रचालक, सेल्समन, सगळ्यांना एकच फूटपट्टी. आणि पुढे ती जिथे जाऊन पोहोचली ते ऐकून हसू येईल. ती गेली फुटबॉलच्या मैदानावर.

अमेरिकेचा फुटबॉल आपला नव्हे; तिकडे चेंडू हातात धरून धावतात आणि फेकतात. त्यात क्वार्टरबॅक म्हणून एक गडी असतो. डाव त्याच्या हातात. चेंडू हाती आला की तीनएक सेकंदांत समोरची फळी वाचायची, आपले कोण कुठे मोकळे आहे ते हेरायचे आणि चेंडू सोडायचा; तेवढ्यात सव्वाशे किलोचे दोन-चार पैलवान अंगावर आलेले असतात. कबड्डीत चढाई करणाऱ्याला एका श्वासात जे करावे लागते त्याचा हा थोरला भाऊ. मालकांना वाटले, एवढे डोके लागते तर डोके मोजून घेऊ. डॅलस काउबॉइज संघाचे टॉम लँड्री यांच्या काळात १९७०च्या दशकात ही चाचणी खेळाडूंना लावण्याची प्रथा रुजली, आणि मग व्यावसायिक संघांत जाऊ पाहणारा प्रत्येक पोरगा पन्नास प्रश्नांच्या त्या कागदावर बसू लागला.

निकाल काय लागला? गुण गुप्त म्हणायचे, पण दरवर्षी वर्तमानपत्रांत फुटायचे. डॅन मरिनोला पन्नासपैकी पंधराच्या आसपास मिळाल्याचे छापून आले. त्याच मरिनोने १९८४च्या मोसमात पाच हजार यार्डांहून अधिक फेक करून दाखवली, जी त्याआधी कोणी केली नव्हती. टेरी ब्रॅडशॉचे गुणही तितपतच सांगतात. त्याने पिट्सबर्गला चार वेळा अजिंक्यपद मिळवून दिले. उलट पन्नासपैकी पन्नास मिळवणारा म्हणून ज्याचे नाव घेतात तो हार्वर्डचा पॅट मॅकइनली, आणि तो चेंडू लाथाडण्याच्या जागेवर खेळला! हार्वर्डचाच रायन फिट्झपॅट्रिक, त्याचे गुण अठ्ठेचाळीस सांगतात. भला खेळाडू, सतरा मोसम टिकला, नऊ संघ फिरला. पण बाद फेरीचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही.

चार नावांवरून सिद्धान्त होत नाही हे मला कळते. म्हणून २००९ साली लायन्स, हॉफमन आणि मिशेल या तीन संशोधकांनी ७६२ खेळाडूंचे गुण आणि त्यांची मैदानावरची कामगिरी शेजारीशेजारी मांडली, ते सांगतो. संबंध जवळपास नाही. दोन जागांवर तर उलटाच, म्हणजे कागदावर कमी गुणवाले मैदानावर सरस. तरी प्रथा आणखी तेरा वर्षे चालली. खेळाडूंच्या वार्षिक पारखणीतून ती काढून टाकली २०२२ साली. आणि माणसाची खोड बघा, तोवर संगणकावरची नवी चाचणी आलेलीच होती. नजर आणि निर्णयाचा वेग मोजणारी. २०२३मध्ये सी. जे. स्ट्राउड या पोराला तीत शंभरात अठरावा टप्पा मिळाल्याची बातमी फुटली आणि लोकांनी त्याला मोडीत काढले. ब्राइस यंगला अठ्ठ्याण्णव. यंगची निवड पहिली झाली, स्ट्राउडची दुसरी. त्या मोसमाचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला स्ट्राउड. यंगने सुरुवात केलेल्या सोळापैकी चौदा सामने त्याचा संघ हरला. संघच कच्चा होता हे मान्य. पण मग माणूस कुठल्या संघात पडला याचा गुण त्या कागदात कुठे असतो?

माझे एक प्राध्यापक स्नेही आहेत. संध्याकाळी टिळकवाडीत फिरायला भेटतात. त्यांना हे सांगितले तर ते म्हणाले, ‘‘तुम्ही सोयीचे तेवढे उचलता. निवडून आलेल्यांतच संबंध शोधलात तर तो दिसणार कसा? सात-सात फुटी माणसांच्या बास्केटबॉल संघात उंचीला महत्त्व नाही असेही सिद्ध करता येईल. आणि सगळ्या धंद्यांचा विचार केला तर बुद्धीच्या चाचणीइतके चांगले भाकीत दुसरे कशाने होत नाही, हे श्मिट आणि हंटर यांनी १९९८मध्येच दाखवून दिले आहे.’’

त्यांचा पहिला मुद्दा बिनतोड आहे आणि मी तो तसाच उचलून माझ्या बाजूला ठेवतो. आयटीआयच्या कोर्समधून, परीक्षेतून आणि दीड वर्षाच्या उमेदवारीतून जो पोरगा गाळून आला आहे, तोही निवडून आलेलाच नव्हे काय? चाळणीतून उतरलेल्या वाळूला पुन्हा त्याच चाळणीत घालून काय निघणार? राहिला दुसरा मुद्दा. श्मिट-हंटर यांच्या तक्त्यात बुद्धिचाचणीला .५१ आहे हे खरे. पण त्याच तक्त्यात प्रत्यक्ष काम करवून बघण्याला.५४ आहे, हे सर सांगायला विसरले. पुढे २०२२मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो हिशेब दुरुस्त केला, तेव्हा बुद्धिचाचणी .३१वर आली. तिच्यावर कोण? नीट आखलेली मुलाखत .४२, कामाच्या ज्ञानाची परीक्षा .४०. म्हणजे मोल्डरला मोल्डिंगचे विचारा, हे उद्यमबागेतला चहावाला सांगेल तेच शास्त्राने आकडे मांडून सांगितले.

याचा अर्थ कारागिराला वाचता-मोजता नाही आले तरी चालेल, असा मी म्हणत नाही. ड्रॉइंग वाचता आलेच पाहिजे. फेरोसिलिकॉन किती घालायचे याचा गुणाकार चुकला तर अख्खी भट्टी वाया जाते, आणि ओला लेडल वापरला तर माणूस जातो. मग तो गुणाकारच विचारा ना! लेडल का तापवायचा ते विचारा. मजुरांनी विहीर किती दिवसांत खणली हे कशाला?

आणि विचारायचे ते कोणत्या भाषेत? इथे मला आपल्याच मुलखातल्या एका माणसाची आठवण करून द्यायची आहे, जी आपण पार पुसून टाकली. व्ही. व्ही. कामत. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी सिमों यांच्यासह १९०५ साली पहिली बुद्धिचाचणी बनवली, ती मागे पडणारी मुले ओळखून त्यांना जास्त शिकवता यावे म्हणून. त्यांना दाराबाहेर काढता यावे म्हणून नव्हे. कामतांनी ती मापपट्टी आपल्याकडच्या मुलांसाठी नव्याने बेतली, कानडी आणि मराठी अशा दोन्ही बोलणाऱ्या मुलांसाठी. १९३४मध्ये त्यांचा निबंध इंग्लंडच्या शिक्षण-मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला, १९४०मध्ये पुस्तक आले. तेव्हा बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार मुंबई इलाख्यात होते, त्यामुळे या चाचणीचे नावही ‘मुंबई-कर्नाटक’ असेच पडले. सीमाप्रश्न जन्मायच्या आधी एका माणसाला कळले होते की मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत त्याला विचारले नाही, तर आपण मोजतो ते बुद्धी नव्हे, शाळेची फी. आज नव्वद वर्षांनी त्याच मुलखात वाळूत काम करणाऱ्या पोराला आपण इंग्रजीतून विरुद्धार्थ विचारतो.

भाषेचे बारकावे तर विचारूच नका. आपण बेळगावकर ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतो. ‘येणार होतो, खरं पाऊस आला.’ पुण्याचा परीक्षक म्हणेल, वाक्य चूक. ‘काय करुलायस’ म्हटले की मराठीच येत नाही म्हणेल. दोन भाषांत एकाच वेळी भांडणारा, बाजार करणारा, मुकादमाशी कानडीत आणि आईशी मराठीत बोलणारा आपला पोरगा कुठल्याच एका पेपरात पुरता मावत नाही. त्याचे एवढे मोठे भांडवल, आणि गुणपत्रिकेवर ते उणे धरलेले.

इथे काही वाचक मान डोलावतील आणि म्हणतील, बरोबर, मराठी माणसावर अन्यायच चालला आहे. थांबा. उद्यमबागेत कारखानदार मराठी आहेत, कानडी आहेत, गुजराती-मारवाडी आहेत. आणि वर सांगितलेले वाक्य ज्या साहेबांनी उच्चारले ते घरी शुद्ध मराठी बोलतात. त्याच दिवशी त्याच पेपरावर बैलहोंगलकडचा एक कानडी मुलगाही आपटला, असे आमच्या पोराने सांगितले. दोघे एकाच टपरीवर चहा पिऊन घरी गेले. हे भांडण मराठी-कानडीचे नाही. वाळूत हात घातलेल्यांचे आणि न घातलेल्यांचे आहे.

अमेरिकेतल्या मजुरांनी हे भांडण कोर्टात नेऊन जिंकले होते. उत्तर कॅरोलायनातल्या ड्यूक पॉवर कंपनीत काळ्या कामगारांना फक्त मजूर खात्यात ठेवत. तिथला सर्वांत जास्त पगार इतर खात्यांतल्या सर्वांत कमी पगाराहून कमी. १९६५मध्ये भेदभावाला बंदी करणारा कायदा अमलात आला आणि त्याच सुमारास कंपनीने नवे नियम आणले: वरच्या खात्यात जायचे तर चाचण्या पास व्हा. त्यातली एक म्हणजे हीच बारा मिनिटांची वंडरलिक! आधीपासून वरच्या खात्यांत असलेले गोरे कामगार कुठलीही चाचणी न देता उत्तम काम करत होतेच. विली ग्रिग्ज आणि त्याचे साथी कोर्टात गेले. १९७१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की जी चाचणी एका समाजाला बाहेर ठेवते आणि जिचा प्रत्यक्ष कामाशी संबंध कंपनीला दाखवता येत नाही, ती चालणार नाही; हेतू चांगला होता म्हणूनही चालणार नाही. तो कायदा उद्यमबागेला लागू नाही. पण त्या न्यायाधीशांनी विचारलेला प्रश्न विचारायला कोणाची परवानगी लागते?

आणि तो प्रश्न घरातही विचारायला हवा. आपणच चौथीपासून पोरांना ‘रीझनिंग’च्या क्लासला घालतो. क्लासवाल्याच्या बोर्डावर ‘बुद्ध्यांक वाढवा’ लिहिलेले असते आणि आपण पैसे भरतो. सराव करून जो वाढतो तो सराव असतो, एवढा साधा विचार आपण करत नाही. पहाटे रस्त्यांवर लष्करभरतीसाठी धावणारी पोरे बघा. पूर्वी आधी धावणे आणि मग लेखी असे. २०२३पासून आधी संगणकावरची परीक्षा, मग मैदान. परीक्षा नको असे कोण म्हणेल? सैनिकालाही डोके लागते. पण आता त्यांच्यातली अनेक जण धावण्याआधीच गळतात, आणि घरी येऊन ऐकतात काय, तर तेच वाक्य.

आता कारखानदारांना एकच सांगणे. प्रत्येक फौंड्रीत रिजेक्शनचे रजिस्टर असते. कोणाच्या साच्यातून किती नग ब्लोहोलने गेले, किती वाळू धरून गेले, सगळे तारीखवार. तुमच्या ऑफिसच्या कपाटात त्या पन्नास प्रश्नांचे गुणही असतील. दोन्ही एका टेबलावर उघडा. गेल्या पाच वर्षांत ज्यांना चाळीस मिळाले त्यांचे रिजेक्शन कमी आणि ज्यांना पंचवीस त्यांचे जास्त, असे निघाले तर मी याच अंकात पुढच्या दिवाळीला माफी लिहीन. मोजायला माणूस नसेल तर मी येतो. चष्म्याचा नंबर वाढला आहे, पण आकडे दिसतात. एका मालकाला मी हे तोंडावर विचारले. ते हसले आणि म्हणाले, ‘‘अहो फोरमन, दोनशे अर्ज येतात. कुठेतरी गाळायलाच पाहिजे ना?’’ निदान हे खरे उत्तर होते. मग गाळायचे आहे म्हणा, चिठ्ठ्या टाका; पोराच्या आईला डोके कमी आहे असे सांगू नका.

आमच्या गल्लीतला मुलगा सध्या कोल्हापूरला शिरोलीच्या एमआयडीसीत आहे. तिथे त्याला पहिल्या दिवशी पेटी दिली, वाळू दिली आणि एक वाकडा पॅटर्न दिला. पॅटर्नला उतार कमी आहे, साचा फाटणार, असे त्याने भरण्याआधीच सांगितले म्हणे. दिवाळीला घरी येणार आहे. धाकट्याला सुट्टीत घेऊन जातो म्हणाला आहे, कारखाना दाखवायला.