फावल्या वेळी : बारा तुकड्यांचे कडे

सागवानाच्या उरल्यासुरल्या पट्ट्यांचे तुकडे गोलाकार जोडून कडे करावे, कड्यावर कडे रचावे आणि लेथवर कातून त्यांचे वाडगे घडवावे, हा छंद ज्यांना जडला आहे त्यांची तक्रार बहुधा एकच असते. अकरा सांधे बसतात. बारावा काही केल्या बसत नाही.

दोष हाताचा कमी, हिशेबाचा अधिक. १२ तुकड्यांच्या कड्यात प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोके १५ अंशांत तिरपी कापावी लागतात, म्हणजे एकंदर २४ काप झाले. प्रत्येक काप अवघा पाव अंश चुकला तरी अखेरीस ६ अंशांची फट उरते. २४ सेंटिमीटर व्यासाच्या कड्यात ती बाहेरच्या अंगाला सव्वा सेंटिमीटर भरते!

फट लहान असली की पट्टा करकचून आवळण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. सांधा मिटलेला दिसतो, पण लाकडात ताण राहतो. कातता कातता वाडग्याची भिंत पातळ झाली की नेमका तोच सांधा उकलतो, आणि फिरत्या लेथवरून सुटलेला तुकडा समोर कोण उभे आहे हे पाहत नाही. फटीत फेविकॉल भरणेही व्यर्थच. दोन पृष्ठभाग एकमेकांस भिडले असतील तरच त्याचा पातळ थर बळकट ठरतो.

यावर उपाय सोपा आहे. सारे कडे एकदम चिकटवू नये. समोरासमोरचे दोन सांधे कोरडे ठेवून त्यांत सारख्या जाडीच्या काड्या घालाव्या, उरलेले दहा सांधे चिकटवावे व बाहेरून पट्टा बेताने आवळावा. वाळल्यावर दोन अर्धी कडी हाती येतात. काचेवर पॉलिशपेपर पसरून त्यांची तोंडे सपाट घासली, की २४ कापांची साचलेली चूक तेथेच निघून जाते. मग अर्ध्याला अर्धे जोडावे.

टोकांकडील लाकूड फेविकॉल फार पिते. म्हणून आधी एक पातळ हात द्यावा, काही मिनिटांनी दुसरा. सागवान अंगचेच तेलकट, तेव्हा ताज्या कापावरच हे काम उरकावे. कड्यावर कडे चढविताना गवंडी विटांची करतो तशी सांधेमोड साधावी. लेथवर चढविण्यापूर्वी एक अहोरात्र वाळू द्यावे, पावसाळ्यात दोन.