पकडीचा जमाखर्च

गेल्या महिन्यात आमचे मुलुंडचे जावईबापू जेवायला आले ते मोठ्या उत्साहात. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर एक दिवस स्पोर्ट्स कार चालविण्याचे प्रशिक्षण घेण्याचे त्यांनी ठरविले होते. "बाबा, ट्रॅक्शन कंट्रोल बंद केल्याशिवाय गाडी खरी कळतच नाही," ते म्हणाले. कन्या काही न बोलता पोळ्या वाढीत होती. तिचे मौन मला पुरेसे बोलके वाटले.

मी मोटारतज्ज्ञ नव्हे. पण उमेदीची वर्षे कर्जखात्यांत गेली. त्यामुळे ही यंत्रणा समजून घेताना मला कॅश क्रेडिटचे खातेच आठवले. टायरची रस्त्यावरील पकड ही मंजूर मर्यादा. ब्रेक, वळण आणि वेगवाढ हे तिन्ही खर्च त्याच एका खात्यातून होतात. वळणावर पकड बरीचशी खर्ची पडलेली असते. अशा वेळी ॲक्सिलरेटर जोराने दाबला, तर मागील चाकांवर चालणाऱ्या गाडीची ती चाके गरगरतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. चाकांजवळचे सेन्सर हे टिपतात. संगणक इंजिनाची ताकद घटवितो, प्रसंगी त्या चाकाला ब्रेकही लावतो. थोडक्यात, मर्यादेबाहेरचा धनादेश तो परत करतो. मर्यादा वाढविणे मात्र त्याच्या हाती नाही. वळणात मुळातच अतिवेगाने शिरलेल्या चालकाला तो वाचवू शकत नाही.

"पण फॉर्म्युला वनमध्ये ही सोय नसते," जावईबापूंनी प्रतिवाद केला. खरे आहे, २००८ पासून तेथे तिला बंदी आहे. २०११ साली याच ५.१२५ किलोमीटरच्या मार्गावर ते शर्यतपटू तिच्याविनाच धावले. परंतु त्यांचे पाय वर्षानुवर्षांच्या सरावाने घडलेले. एका दिवसाच्या पाहुण्याने त्यांची बरोबरी का करावी?

मी एवढेच सुचविले : यंत्रणा चालू ठेवावी आणि डॅशबोर्डवर तिचा दिवा लुकलुकला, की तो ऑडिटचा शेरा समजावा. पुढील फेरीत त्याच वळणावर पाय अधिक हळुवार दाबावा. दिवा शांत राहूनही फेरीचा वेळ कमी झाला, तर पाय शिकला म्हणावे. ती सैल करण्याचा विचार त्यानंतर, आणि तोही प्रशिक्षकाच्या सांगण्यावरूनच.

परतल्यावर त्यांचा फोन आला. "बाबा, सकाळी जवळजवळ प्रत्येक वळणावर शेरा होता, संध्याकाळी दोनच उरले. बटणाला हात लावला नाही."

मागून कन्येचे हसणे ऐकू आले. मीही समाधानाने फोन ठेवला.