घोडदौडीचे साम्राज्य आणि घासदाण्याचा हिशेब

मराठी कादंबरीच्या इतिहासाचे एक कोष्टक आपण पिढ्यान्‌पिढ्या पाठ करीत आलो आहोत. ‘मुक्तामाला’ (१८६१) व तिच्या वळणाच्या कादंबऱ्या म्हणजे अद्भुतरम्य कालखंड. १८७१ साली ‘मोचनगड’ आली आणि अद्भुताची जागा इतिहासाने घेतली. पुढे हरिभाऊंनी त्या इतिहासाला वास्तवाचे अधिष्ठान दिले. हे कोष्टक सोयीचे आहे, परीक्षेला उपयुक्त आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते मुळातच चुकीचे आहे. अद्भुत मराठी कादंबरीतून हद्दपार झालेच नाही. त्याने फक्त वेषांतर केले आणि ते ऐतिहासिक कादंबरीच्या दौलतीत मानाने नांदू लागले.

हा प्रश्न आताच उपस्थित करण्यास एक निमित्त आहे. अलीकडे आमचे पदव्युत्तर विद्यार्थी पाश्चात्त्य कल्पितिकांवर लिहू लागले आहेत. टोल्कीनच्या रोहनमधील अश्वारोही, मार्टिनच्या १९९६ पासूनच्या मालिकेतील दोथ्राकी टोळ्या असे भटक्या लढवय्यांचे साम्राज्य त्यांना मोह घालते आणि ‘हे आपल्याकडे नाही’ अशी खंत प्रबंधाच्या प्रास्ताविकात हमखास उमटते. आपल्याकडे ते आहे, विपुल आहे. आपण त्याला इतिहास म्हणतो, एवढाच काय तो फरक.

अद्भुत म्हणजे केवळ राक्षस, जादूच्या अंगठ्या व भुयारे नव्हेत. कार्यकारणभावातून मिळालेली सूट हे अद्भुताचे खरे लक्षण. ज्या जगात सहस्रावधी घोडी महिनोन्‌महिने दौडतात, पण त्यांची चंदी कोणाच्या कणगीतून आली आणि वैरण कोणाच्या शेतातून कापली गेली हे कोणी विचारीत नाही, ते जग अद्भुताचेच होय. मग त्यातील सेनापतीचे नाव अस्सल पत्रव्यवहारात सापडत असले तरी. ‘घोड्यांच्या टापांनी धरणी हादरली’ या छापाच्या वाक्यांत धरणी आहे, पण जमीन नाही.

हे ज्या लाखनीत बसून लिहितो आहे तिथून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा ज्या पूर्व दिशेला निघत तीच ही दिशा. भोवताली मात्र मोकळे कुरण नाही. धानाची बांधी आहे, कोहळी शेतकऱ्यांनी खोदलेले तलाव आहेत, वैनगंगेचे खोरे आहे. घोडदळाचे म्हणून मिरवले जाणारे नागपूरचे राज्य अशा मुलखाच्या पिकावर उभे होते. मराठ्यांची मुलूखगिरी दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघे आणि पावसाळ्यापूर्वी परतण्याचा तिचा रिवाज होता, कारण स्वारांपैकी कितीतरी जण मुळात कुणबीच होते. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. हा भेद मालमत्तेचा आहे, शौर्याचा नव्हे. आणि भोसल्यांनी निजामाच्या मुलखातून घेतलेल्या एका कराचे नाव होते ‘घासदाणा’. राज्याने आपल्या कराचे नावच घोड्याच्या तोंडाशी बांधून ठेवले होते. आमच्या कादंबरीकारांच्या भाषेपेक्षा त्या काळच्या दप्तराची भाषा कितीतरी प्रामाणिक होती असे म्हणावे लागते.

आता बंगालकडे वळू. १७४२ साली रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर बर्दवानपर्यंत गेला. त्या पावसाळ्यात न परतता कटवा परिसरात राहिला आणि तेथेच त्याने दुर्गापूजा मांडली. १७४४ साली मानकरा येथे अलिवर्दीखानाने वाटाघाटीच्या मिषाने बोलावून त्याची व त्याच्या सरदारांची हत्या करविली. स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहाने वर्षाला बारा लाखांची चौथाई ठरली आणि सुवर्णरेखा ही सीमा झाली. घटना अशी की, कादंबरीला लागणारे सारे काही तिच्यात आहे. तरीही आमच्या अभ्यासक्रमांतून व चर्चासत्रांतून ज्या ऐतिहासिक कादंबऱ्या पुनःपुन्हा फिरतात त्यांना बंगालचा रस्ता जवळपास ठाऊकच नाही. ‘स्वामी’ घ्या, ‘राऊ’ घ्या. केंद्र पुणे, आणि उरलेला हिंदुस्थान म्हणजे नायकाच्या दौडीसाठी मोकळे सोडलेले पटांगण.

ज्या साहित्याने या स्वाऱ्यांना शब्द दिले ते साहित्य बंगाली आहे. गंगारामाचे ‘महाराष्ट्र पुराण’ १७५१ च्या सुमाराचे. त्यातही अद्भुत आहे, उघडउघड आहे: पापाचा भार असह्य झालेली पृथ्वी देवांकडे दाद मागते, शिवाच्या आज्ञेने नंदी शाहूकडे जातो आणि मराठे येतात ते दैवी शासन म्हणून. परंतु येथेच खरी मेख आहे. हे शासनकर्ते जेव्हा ब्राह्मण, वैष्णव, स्त्रिया यांच्यावर हात टाकतात तेव्हा देवी भास्करावर कोपते आणि आपली कृपा नवाबाकडे वळविते. म्हणजे गंगारामाचे अद्भुत न्यायनिवाडा करते. ते विजेत्याला पाठवते आणि परतही बोलावते. आमच्या ऐतिहासिक कादंबरीतील अद्भुत मात्र अभयपत्र देते. ‘मुक्तामाले’चे अद्भुत उघड होते, वाचकाला ते ओळखू येई. हे ओळखू येत नाही, म्हणून अधिक घातक.

यावर ठरलेला आक्षेप येईल: कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, तिच्याकडे दप्तराचा हिशेब का मागावा? मान्य. पण मग प्रस्तावनांतून साधनांच्या याद्या व अस्सलपणाच्या ग्वाही देणेही थांबवावे. दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभ्या असलेल्या या प्रकाराला समीक्षेने आजवर जो मुजरा केला आहे तो वाङ्मयीन निकषांवर केलेला नाही. ‘पानिपत’ (१९८८) हा काही अंशी अपवाद: तिथे रसद तुटते, दाणावैरण संपते, छावणी उपाशी मरते. मराठी कादंबरीत घोड्याला पोट आहे याची इतकी तीव्र जाणीव क्वचितच झाली असेल. मात्र ती भूक आपल्या छावणीची आहे. आपल्या छावणीमुळे दुसऱ्याच्या गावात जी भूक पडली तिला निवेदक अजून मिळालेला नाही.

आणखी एक अडचणीची गोष्ट. १७४३ साली रघूजी बंगालमध्ये असताना पेशवा नानासाहेब फौजेसह तिथे पोहोचला, तो रघूजीच्या मदतीला नव्हे. अलिवर्दीकडून रक्कम ठरवून रघूजीला हुसकावण्यासाठी. ‘एक ध्येय, एक झेंडा’ या संकेतव्यूहात हा प्रसंग बसत नाही. देशीवादाने पाश्चात्त्य प्रभावावर इतकी शाई खर्च केली, परंतु एका देशी भाषेच्या स्मृतीत दुसऱ्या देशी भाषेच्या स्वारांचे काय झाले, हा प्रश्न त्याने टोकदारपणे विचारल्याचे आढळत नाही. बंगालीत ‘बर्गी’ हा शब्द अंगाईगीतात शिरला. मुलाला निजवताना आई ज्याचा धाक घालते तो आमचा बारगीर.

तेव्हा मागणी साधी आहे. ‘ऐतिहासिक कादंबरी’ या अभ्यासपत्रिकेत एका कादंबरीशेजारी ‘महाराष्ट्र पुराण’ लावावे. डिमॉक व प्रतुलचंद्र गुप्त यांचे इंग्रजी भाषांतर १९६५ पासून उपलब्ध आहे. विद्यार्थ्यांनी प्रथम त्यातले पलायनाचे वर्णन वाचावे: पोथ्या उचलून निघालेले पंडित, तराजू घेतलेला सोनार, चाक घेतलेला कुंभार, जाळी घेतलेले कोळी, धड चालता न येणाऱ्या गर्भवती. मग आपल्या आवडीच्या कादंबरीतील कोणतीही एक घोडदौड काढावी आणि वाटेतली गावे मोजावीत.