‘ये’ म्हणण्याआधी



मागच्या खेपेला आपण वर्षाच्या बेगमीबद्दल बोललो. हळकुंडं दळून आणावीत की तयार हळद घ्यावी, यावर तुमच्यात बरीच चर्चाही झाली म्हणे. आजचा विषय मात्र स्वयंपाकघराबाहेरचा आहे, आणि तो मी माझ्याच एका चुकीपासून सुरू करणार आहे.

आमची धाकटी मावशी अमेरिकेत, न्यू जर्सीत मुलीकडे असते. २०२३ च्या दिवाळीनंतर कऱ्हाडला मामांचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी काय ते स्पष्ट सांगितलं. मी त्याच रात्री मावशीला फोन लावला आणि म्हटलं, “मावशी, तिकीट काढ आणि ये.” ती नुसतं “बघते गं” म्हणाली. आठ दिवसांनी पुन्हा केला, तेव्हाही “बघते”. तिसऱ्या वेळी माझा तोल गेला. “नातवंडांत इतकी रमलीस, की सख्ख्या भावाचीही आठवण होत नाही?” असं मी बोलून गेले. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मावसबहिणीने फोन घेतला आणि हळूच म्हणाली, “ताई, आई आत्ता तिकडे आली तर दहा वर्षं तिला परत येता येणार नाही. तिच्याकडे इथे राहायचे कागद नाहीत.”

मला तर काही सुचेना. आमची मावशी! देवाला वाहिलेलं फूलसुद्धा विचारून घेणारी!

२०२५ च्या ५ फेब्रुवारीला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, ते तुम्हाला आठवत असेल. त्यात महाराष्ट्रातलेही तिघे होते. त्या बातम्यांमुळे आपल्याला वाटतं की कागद नसलेली माणसं म्हणजे दलालाला पैसे देऊन रानावनातून सरहद्द ओलांडलेली. पण रीतसर व्हिसा घेऊन, विमानतळावर नोंद करून गेलेली आणि मुदत संपल्यावर तिथेच राहून गेलेली माणसंही पुष्कळ असतात. मावशी त्यांतली. २०१९ च्या नोव्हेंबरात ती मुलीच्या बाळंतपणासाठी गेली. सहा महिन्यांची परवानगी होती. मार्च २०२० मध्ये विमानं बंद झाली. एकदा मुदतवाढीचा अर्ज केला, पुढच्या वेळचा राहून गेला. मग गुडघे दुखायला लागले. इकडे काका नाहीत, घराला कुलूप. ‘आज जाऊ, उद्या जाऊ’ करता करता तीन वर्षं उलटली.

आता यातली मेख नीट समजून घ्या, कारण हीच मला तेव्हा ठाऊक नव्हती. पासपोर्टावरच्या व्हिसाची तारीख वेगळी आणि तिथे राहण्याची मुदत वेगळी. दहा वर्षांचा व्हिसा असला तरी एका खेपेला किती दिवस राहायचं, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. त्या नोंदीला ‘आय-९४’ म्हणतात. ती मुदत उलटून १८० दिवसांहून जास्त, पण वर्षाच्या आत राहिलेला माणूस देशाबाहेर पडला, की त्याला ३ वर्षं परत प्रवेश नाही. वर्षभर किंवा अधिक राहिला असेल तर १० वर्षं. अमेरिकेचा हा कायदा १९९६ सालचा. गंमत अशी की ही बंदी बाहेर पाऊल टाकल्यावर लागू होते. म्हणजे ज्या तिकिटासाठी मी मावशीच्या मागे लागले होते, त्याच तिकिटाने तिचा परतीचा रस्ता बंद झाला असता. काही जणांना या बंदीतून सूट मागता येते, पण त्यासाठी नवरा, बायको किंवा आईवडील तिथले नागरिक वा ग्रीन कार्डधारक असावे लागतात. मुलगी नागरिक असून त्या कामी उपयोग नाही.

पण तिथेच राहून अर्ज करायचा असेल, तर मात्र मुलीचाच उपयोग होतो! ग्रीन कार्डधारकाला आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही. नागरिकाला येतो, वय २१ पूर्ण असलं की. नागरिकाचे आईवडील, नवरा किंवा बायको, आणि २१ च्या आतली अविवाहित मुलं यांना ‘जवळचे नातेवाईक’ धरतात. त्यांच्यासाठी वार्षिक संख्येची मर्यादा नाही. ते अधिकाऱ्यासमोर नोंद करून देशात आलेले असतील, तर मुदत उलटली म्हणून सहसा अडत नाही. तिथे राहूनच ग्रीन कार्ड मागता येतं. आमची मावसबहीण २०२३ च्या उन्हाळ्यात नागरिक झाली होती. म्हणजे दार उघडलेलं होतं, फक्त मावशीने अर्जाचा निकाल लागेपर्यंत उंबरठा ओलांडायचा नव्हता. आणि नेमकं तेव्हाच मामांचं दुखणं.

त्यांच्या वकीलबाईंनी कागदांची यादी दिली. तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या अर्जाला कऱ्हाडच्या बाईने काय मदत करायची? तर ऐका, निम्मं काम इकडचंच निघालं.

अर्जाला पहिला पुरावा लागतो नात्याचा. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव हवं. दाखला काढला, तर त्यात मुलीच्या नावाची जागा कोरी आणि आईचं नाव ‘द्वारका’. पासपोर्टावर मावशी ‘सुनंदा’. तुमच्या लक्षात आलंच असेल काय झालं ते. पहिलं बाळंतपण माहेरी, नोंद करायला गेले आजोबा, आणि त्यांच्या तोंडी लेकीचं नाव द्वारकाच! लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेलं सुनंदा हे नाव सासरचं. आपल्याकडे घरोघरी असंच होतं. पण तिथल्या अधिकाऱ्याला द्वारका आणि सुनंदा या दोन बाया वाटणार.

मावशीच्या स्वतःच्या जन्माची तर नोंदच सापडेना. सबंध देशाचा जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा, त्याच्या आधीच्या पुष्कळ बायकांचं असंच आहे. अशा वेळी घाबरायचं नाही. जिथे जन्म झाला तिथल्या ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून ‘नोंद आढळून येत नाही’ असा दाखला घ्यायचा. त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा. शिवाय जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. मी प्राथमिक शाळेत जाऊन जुनं रजिस्टर काढवलं. त्यात ‘द्वारका’, जन्मतारीख १ जून. गुरुजींनी अर्ध्या वर्गाला १ जूनच लावली होती! पण पासपोर्टावरही तीच असल्याने आमचं काम झालं.

याच हेलपाट्यांत एक गृहस्थ भेटले. म्हणाले, “कशाला एवढी यातायात? मागच्या तारखेचा जन्मदाखला दोन दिवसांत करून देतो, नावही सुनंदाच घालू.” खोटं कशाला सांगू, मला क्षणभर मोह झाला. रात्री फोनवर विचारलं, तर वकीलबाईंनी साफ बजावलं की एक खोटा कागद सापडला तर खरे सगळे वाया जातात. कागद कमी असला तर त्याची भर घालता येते, खोटा निघाला तर माणूसच खोटा ठरतो.

दोन वडीलधाऱ्यांपैकी एक शेजारच्या काकू मिळाल्या. दुसरे मामाच. मावशीहून आठ वर्षांनी मोठे. तिच्या जन्माची रात्र, तिची शाळा, तिचं लग्न, सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. नोटरींना घरी बोलावलं. मी मजकूर मोठ्याने वाचून दाखवला: ‘माहेरची द्वारका आणि लग्नानंतरची सुनंदा ही एकच व्यक्ती असून ती माझी सख्खी धाकटी बहीण आहे.’ उशीला टेकून त्यांनी सही केली. हात थरथरत होता, तरी प्रत्येक पानावर केली. मग मला म्हणाले, “तिला सांग, सही झाली म्हणून. आता मुकाट्याने तिथेच बस म्हणावं. माझ्यासाठी येऊ नको.”

फेब्रुवारीत मामा गेले. दहाव्याला बायकांत कुजबुज झालीच, “बहीण आली नाही बघा.” मी काही बोलले नाही. कारण हेही मदतीतच येतं. कुणाचे कागद आहेत, कुणाचे नाहीत, हे चारचौघांत सांगायचं नसतं.

आता तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा प्रश्न असेल, तर माझ्या अनुभवातून थोडं सांगते.

पहिलं, परदेशातल्या माणसाला ‘ये’ म्हणून गळ घालण्याआधी विचारा, “तुझी मुदत कुठवर आहे? वकिलाला विचारलंस का?” तिथे अर्ज चालू असतानाही प्रवासाची आगाऊ परवानगी न घेता देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. अर्ज टाकला म्हणजे अभय मिळालं असंही नाही. तो नाकारला गेला तर हद्दपारीची नोटीस येऊ शकते. म्हणून वकील आधी, अर्ज मागाहून.

दुसरं, सगळ्यांना एकच माप लागत नाही. भावाबहिणीसाठी नागरिकाला अर्ज करता येतो, पण भारतीयांची ती रांग पंधरा वर्षांहून लांब आहे, आणि तिच्यात मुदत उलटल्याची गोष्ट माफ होत नाही. जो नोंद न करता सरहद्द ओलांडून गेला, त्याचा मार्ग याहून पुष्कळ अवघड. ‘मावशीचं झालं मग माझ्या दिराचं का नाही?’ असं म्हणू नका.

तिसरं, कागदासाठी लग्न हा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाला चहासुद्धा देऊ नका. असं लग्न उघडकीस आलं, तर पुढे खरं लग्न करूनही ग्रीन कार्डाचा रस्ता कायमचा बंद होतो, आणि तुरुंगवासाची शिक्षा आहे ती वेगळीच.

चौथं, अधिकार असलेल्या माणसाकडेच जा. तिथे नोटरी म्हणजे वकील नव्हे. आपल्या भाषेत बोलणारा, दुकानात बसून फॉर्म भरून देणारा माणूस कितीही गोड वाटला तरी तो कायद्याचा सल्ला देऊ शकत नाही. परवानाधारक वकील हवा, किंवा तिथल्या न्यायखात्याची मान्यता असलेल्या सेवाभावी संस्थेतला प्रतिनिधी. त्यांची फी कमी असते.

पाचवं फार महत्त्वाचं. आपली एखादी लेक तिथे असेल, नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल आणि ‘कागद माझ्या हातात आहेत’ म्हणून तो मारहाण करत असेल, तर तिने निमूट सोसायची गरज नाही. १९९४ सालच्या कायद्याने अशा बायकोला स्वतःचा अर्ज स्वतः करता येतो. नवऱ्याची सही लागत नाही आणि त्याला कळवलंही जात नाही. हे तिच्या आईला, म्हणजे तुम्हाला, माहीत असलं पाहिजे.

आणि शेवटचं, आपलं आपण करण्याजोगं. एक पिशवी करा. तिच्यात घरातल्या प्रत्येकाचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, विवाहनोंदणी, नाव बदललं असेल तर त्याचं राजपत्र. मुलांच्या दाखल्यावर तुमचं नाव पासपोर्टावर आहे तसंच आहे का, ते आजच पाहा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर दोन्ही भाषा चांगल्या येणारं कुणीही करू शकतं, खाली ‘भाषांतर पूर्ण व बरोबर आहे’ असं लिहून सही करायची. मावशीचे सगळे कागद मीच केले. बी.ए.चा उपयोग काय, असं आमच्याकडे अधूनमधून विचारलं जातं, त्याला एक उत्तर मिळालं!

मावशीला २०२५ च्या सुरुवातीला ग्रीन कार्ड मिळालं आणि मे महिन्यात ती दोन महिन्यांसाठी आली. आल्या आल्या मामांच्या खोलीत गेली, त्यांच्या कॉटवर बसली. मी फोनवर बोलले होते त्याची माफी मागायची म्हणून शब्द जुळवत उभी होते. तेवढ्यात तिनेच विचारलं, “त्या कागदाची झेरॉक्स ठेवली आहेस का गं?” होती. मी आणून दिली. तिने मजकूर वाचला नाही, प्रत्येक पानावरच्या सहीवरून नुसतं बोट फिरवलं, आणि म्हणाली, “द्वारका म्हणणारं शेवटचं माणूस गेलं.”

मग पदराने डोळे पुसून म्हणाली, “चल, कैऱ्या आणल्यात ना? पन्हं करू.”

पन्ह्याचं प्रमाण पुढच्या खेपेला देते. तोवर कागदांच्या पिशवीचं तेवढं बघा.