डोंगरावर राहायला जायचंय? आधी तिथला एक आषाढ काढा

मे महिन्यात बारामती-इंदापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि ऊसपट्ट्यातल्या घरांत एक विषय हमखास निघतो. पाचगणी-महाबळेश्वरकडे चार गुंठे घ्यावेत, बंगला बांधावा आणि पोरं पुण्याला किंवा परदेशात स्थिरावली की कायमचं तिकडेच जाऊन राहावं. फलटणमार्गे वाई गाठून पसरणीचा घाट चढला की हवा बदलते, हे सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. शिवाय इथल्या बागायतदाराकडे मुंबईच्या नोकरदाराजवळ सहसा नसलेली एक गोष्ट असते, ती म्हणजे सातबारा. कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्यामुळे डोंगरातल्या जमिनीचा एजंट बागायतदाराच्या दारात आपण होऊन येतो.

या इच्छेत गैर काहीच नाही. बारामती समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, तर महाबळेश्वर साडेतेराशेच्या वर. हवेतला हा फरक ओळखूनच मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने १८२८-२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा मिळवली आणि तिथे माल्कमपेठ वसवली. पुढे पाचगणीत निवासी शाळा आल्या आणि डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर उभारलं. ज्यांच्या अंगणात गळीत हंगामात काजळी पडते आणि शेजारच्या फडातल्या पेटवलेल्या पाचटाचा धूर घरात शिरतो, त्यांना ती मोकळी हवा खुणावणारच. दम्याच्या माणसाला तर ती चैन वाटत नाही, गरज वाटते.

अडचण अशी की बहुतेकांनी महाबळेश्वर पाहिलेलं असतं ते दिवाळीत, नाताळात किंवा मे महिन्यात. तिथला आषाढ फारसा कोणी पाहिलेला नसतो. तुकोबांची पालखी काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला पोहोचते, तेव्हा वारकरी आभाळाकडे डोळे लावून चालत असतात. नेमक्या त्याच दिवसांत महाबळेश्वरात घरांच्या भिंतींना गवताचे नाहीतर प्लास्टिकचे आडोसे बांधलेले असतात. बारामतीत वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरात साडेपाच हजारांच्या आसपास. जुलै २०२१ मध्ये तर २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत तिथे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे बारामतीच्या अख्ख्या वर्षापेक्षा जास्त. आंबेनळी घाटातला रस्ता वाहून गेला. त्याच पावसात पाटण तालुक्यातल्या मिरगाव आणि आंबेघरला दरडी कोसळून माणसं गेली.

सपाटीवर सगळं सुरक्षित असतं असंही नाही. मे २०२५ च्या अखेरीस बारामती-इंदापुरात धो-धो पाऊस झाला आणि नीरा डावा कालवा फुटला. पण कालवा दुरुस्त करता येतो. ३० जुलै २०१४ ला आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसांसह.

साठीनंतर राहायला जाणाऱ्याने दवाखान्याचा हिशेब तर आधी मांडायला हवा. बारामतीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी रुग्णालयं आहेत, पुणे शंभरेक किलोमीटरवर आहे. महाबळेश्वरात जोखमीचा रुग्ण घाट उतरून वाईला किंवा साताऱ्याला न्यावा लागतो, आणि तो सलग सुट्ट्यांमध्ये आजारी पडला तर पर्यटकांच्या गाड्यांच्या रांगेतून. पाण्याचीही तीच तऱ्हा. कृष्णा-कोयनेच्या उगमाशी एवढा पाऊस पडूनही तो उतारावरून वाहून जातो. महाबळेश्वर-पाचगणीची तहान मुख्यतः १८४२ मध्ये बांधलेल्या वेण्णा तलावावर भागते, आणि मे महिन्यात तलावाने तळ गाठला की गावकरी व हॉटेलं यांच्यात ओढाताण सुरू होते. नव्या बंगल्याची टाकी भरायची ती याच पाण्यातून.

कायदाही आडवा येतो, आणि यायलाच हवा. १७ जानेवारी २००१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील ठरला. वृक्षतोड, भूजल उपसा, खाणकाम आणि तीव्र उतारावरची बांधकामं यांवर तेव्हापासून बंधनं आहेत. सातबारावर नाव लागलं म्हणजे घर बांधायला परवानगी मिळाली, असा इथे अर्थ होत नाही. ‘एनए होऊन जाईल’ या एजंटच्या आश्वासनावर पैसे अडकवणाऱ्याने मुळशीतल्या लवासाकडे पाहावं. देशातलं नवं थंड हवेचं ठिकाण म्हणून गाजलेला तो प्रकल्प २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाच्या नोटिशीने थांबला, २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, आणि घरासाठी पैसे गुंतवलेले लोक वर्षानुवर्षं ताटकळले.

म्हणून डोंगराची हवा हवी असेल त्याने ती भाड्याने घ्यावी. एप्रिल-मे हे दोन महिने पाचगणीला किंवा भिलारसारख्या गावात खोली घेऊन राहावं, स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या शेतकऱ्यालाही चार पैसे मिळू द्यावेत. कायमचंच जायचं मनात असेल तर आधी जून ते सप्टेंबर भाड्याच्या घरात काढावेत. त्यानंतरही मन टिकलं तर नवा उतार फोडण्यापेक्षा गावठाणातलं जुनं घर घेऊन दुरुस्त करावं.

बारामती-इंदापूरकरांनी हे जास्त मनावर घ्यायला हवं, कारण इथला ऊस उभा आहे तो डोंगरातल्याच पाण्यावर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला, १९२० च्या दशकात भाटघरला आजचं मोठं धरण झालं, नंतर वीर, नीरा देवघर आणि गुंजवणी आली. यांचं पाणलोट बहुतांश भोर आणि राजगड तालुक्यांत आहे. महाबळेश्वरला वाव उरला नाही की बंगल्यांची मागणी याच दऱ्यांकडे वळते. डोंगर कापून प्लॉट पाडले की सुटी झालेली माती पावसाबरोबर धरणात उतरते. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या परिसरातल्या गावांसाठी राज्य रस्ते विकास महामंडळाकडे सोपवलेल्या ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्पावरही पर्यावरण अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत.

माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या वार्षिक सभांना हजारो ऊस उत्पादक सभासद असतात. उसाचा दर आणि पाण्याची आवर्तनं यांच्यासोबत भाटघर, नीरा देवघर व गुंजवणीच्या पाणलोटातली डोंगरफोड थांबवण्याचा ठराव या सभांनी करावा आणि तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. भोरच्या डोंगरात प्लॉट घेतलेल्या सभासदांनीही त्याला हात वर करावेत.