नव्वद म्हणजे किती?

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. टक्के आपले गुण सांगतात. पर्सेंटाइल सांगते, शंभरांतले किती जण आपल्या मागे राहिले. २०२५ च्या ‘नीट’मध्ये खुल्या गटाची ५० पर्सेंटाइलची पात्रता ७२० पैकी १४४ गुणांवर, म्हणजे अवघ्या २० टक्क्यांवर आली! परीक्षेला बसले २२ लाखांवर विद्यार्थी. म्हणजे नव्वद पर्सेंटाइलवाल्याच्याही पुढे दोन लाखांवर मुले. एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास. आमच्यासारख्या घरांतला बाप नव्वद ऐकून पेढे वाटतो आणि प्रवेश हुकला की पुन्हा क्लाससाठी कर्ज काढतो. दोष त्याचा नाही. प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, मग निकालाचा अर्थ मराठीत का समजावू नये? तोवर, मित्रहो, गावातल्या एका तरी घरी हा हिशेब सांगणे आपलेच काम आहे.